मोठ्या गटाचा एक आठवडा, पाव किलो मटकीवर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जूनमध्ये बालवाडीत रुजू झालात, मोठा गट मिळाला, २६ मुलं, मदतीला एक मावशी, वेळ नऊ ते बारा. मुख्याध्यापिका दर शनिवारी पुढच्या आठवड्याचा तक्ता मागतात. तुम्ही सोमवारी रंग, मंगळवारी आकार, बुधवारी प्राणी, गुरुवारी वाहनं अशी आखणी करता, रोजचे पाच-सहा उपक्रम धरता, रात्री जागून चित्रं कापता, आणि बुधवार उजाडेपर्यंत सगळं विस्कटतं. मुलं वर्गभर पळत सुटतात. तासभर कापलेली चित्रं दोन मिनिटांत संपतात. वर पालक दारात उभे राहून विचारतात, वहीत काहीच कसं नाही? म्हणून तुम्हाला सोमवार ते शनिवारचा एक तयार तक्ता हवाय.

तक्ता देते. पण तुम्हाला उपक्रम कमी पडतायत असं मला वाटत नाही, ते जास्त झालेत. साडेचार वर्षांचं मूल नवी वस्तू पहिल्या दिवशी नुसती हाताळतं, हुंगतं, सांडतं. दुसऱ्या दिवशी ते तिला ओळखतं. तिसऱ्या दिवशी तिच्याबद्दल आपणहून बोलायला लागतं, आणि चौथ्या दिवशी प्रश्न विचारतं. तुमच्या तक्त्यात प्रत्येक वस्तू पहिल्याच दिवशी परत कपाटात जाते. मूल रोज पहिल्या पायरीवर उभं राहतं आणि सांडण्यापलीकडे त्याला काही करायला मिळत नाही. तुम्हाला तो गोंधळ दिसतो, पण ते त्याचं पहिल्या दिवसाचं कामच असतं.

मी २७ वर्षं बालवाडीत आहे, बराच काळ सातारा जिल्ह्यात. सुरुवातीची काही वर्षं मीही तुमच्यासारखेच तक्ते केले. मग एका श्रावणात आठवडाभर एकच गोष्ट धरून पाहिली, मटकी, आणि तेव्हापासून माझा प्रत्येक आठवडा एकाच वस्तूचा असतो. हिवाळ्यात मटारच्या शेंगा, संक्रांतीच्या आधी तीळ, उन्हाळ्याच्या तोंडावर चिंच, पावसाळ्यात मटकी. तुम्हाला मटकीचाच आठवडा सांगते, कारण मोड यायला लागणारा वेळ शाळेच्या आठवड्यात नेमका बसतो. निसर्ग स्वतःच तक्ता लिहून देतो.

आधी परिस्थितीचं बोलू, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. तुमच्या वर्गात फक्त मोठा गट आहे की छोट्या गटाची मुलंही त्याच खोलीत बसतात? तीन-साडेतीन वर्षांची मुलं असतील तर सुटे दाणे त्यांच्या हाती द्यायचे नाहीत. माझ्या चौथ्या वर्षी एका मुलानं मटकीचा दाणा नाकात घातला. मी घाबरून चिमटा घेतला आणि दाणा आणखी आत गेला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काढला. त्यांनी तेव्हा सांगितलं ते मी आजवर पाळलंय: दाणा आत गेला की आपण काढायला जायचं नाही, मुलाला शांत ठेवायचं, नाकानं जोरात श्वास ओढू द्यायचा नाही, आणि सरळ डॉक्टर गाठायचा. कडधान्य ओलाव्यानं फुगतं, त्यामुळे ‘उद्या बघू’ चालत नाही. तेव्हापासून दाणे हातात असताना एक मोठं माणूस त्या गटासोबत बसलेलं असतं, आणि काम संपल्यावर सतरंजी झटकून घेतली जाते. छोट्या गटाला दाण्यांऐवजी झाकण घट्ट बसवलेल्या बाटलीत मटकी द्या. ती वाजवायला, उलटी-सुलटी करायला त्यांना पुरते.

दुसरं, हवा. पावसाळी दमट दिवसांत मोड भराभर येतात. डिसेंबर-जानेवारीत घाटावर हेच करायला गेलात तर एक दिवस जास्त लागेल, पुरचुंडी उबेला ठेवावी लागेल. तिसरं, पाणी आणि चूल. वर्गाजवळ नळ नसेल तर मावशींकडून दोन बादल्या भरून घ्या. चूल नसेल तर उसळ कुणाच्या तरी घरून शिजवून आणता येते. चौथं, मुलांच्या घरची भाषा. माझ्या वर्गात एकदा विदर्भातून बदलून आलेल्या घरची मुलगी होती. ती म्हणाली, ही मटकी नाही, ही मोट. एकाची आजी मठ म्हणायची. तिन्ही शब्द मी फळ्यावर घेतले. घरचा शब्द वर्गात चालतो हे एकदा कळलं की अबोल मुलंही बोलायला लागतात.

आता दिवसाचा साचा. हा सहाही दिवस तसाच ठेवायचा, वस्तू तीच आणि क्रमही तोच. नऊला मुलं येतात, साडेनऊपर्यंत मुक्त खेळ: ठोकळे, बाहुली कोपरा, मणी, पाट्या. मग बैठक, गोलात, जेमतेम पंधरा मिनिटं. त्यानंतर गटकाम अर्धा-पाऊण तास. मग बाहेरचा खेळ, हात धुणं, डबा. शेवटी गोष्ट नाहीतर गाणी, आणि निघायच्या आधी सगळ्यांनी मिळून आवरणं. मुलांना घड्याळ कळत नाही, पण हात धुतल्यावर डबा आणि डब्यानंतर गोष्ट हे त्यांना पाठ होतं. दोन आठवड्यांत तुम्हाला ‘चला, बसा’ म्हणावं लागत नाही.

गटकामात २६ मुलांना एकाच वेळी एकच काम देऊ नका. माझा अंदाज असा की तुमचा बुधवार इथंच कोलमडतो. चार गट करा, सहा-सात मुलांचे. नवं काम एकाच गटाला द्या आणि तिथं तुम्ही स्वतः बसा. उरलेल्या तिघांना ओळखीचं काम: एकीकडे मणी ओवणं, एकीकडे कणकेचा गोळा, एकीकडे मेणखडूनं चित्र. पाणी, माती असं काही असेल त्या गटाजवळ मावशी. दहा-बारा मिनिटांनी गट फिरवा. सगळे गट त्या दिवशी तुमच्यापर्यंत पोहोचले नाहीत तर उरलेले उद्या. तुम्हाला एका वेळी सहाच चेहरे बघायचे असतात, म्हणून कोण काय करतंय ते खरोखर दिसतं.

सोमवारी कोरडी मटकी. पाव किलो पुरते. दुकानातून आणताना निवडलेली, पाकीटबंद घेऊ नका, सुटी घ्या, खडे-काड्या असलेली. नसतील तर चार खडे, थोडे मूग, थोडी चवळी तुम्हीच मिसळा. बैठकीत एका डब्यात थोडी मटकी घालून पाठीमागे वाजवायची आणि विचारायचं, आत काय असेल? उत्तर लगेच सांगायचं नाही. माझ्याकडे पाऊस, पैसे, खडीसाखर, बांगड्या अशी उत्तरं आलीत. मग डबा उघडायचा. गटकामात ताटल्यांत मूठ-मूठ मटकी द्यायची आणि निवडायला सांगायचं.

हे निवडणं तुम्ही जवळ बसून बघा. पहिल्यांदा मुलं पूर्ण पंजानं दाणे सारतात. थोड्या वेळानं तर्जनी बाहेर येते आणि एकेक दाणा ताटलीच्या कडेला ढकलते. मग कुणीतरी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत खडा उचलतो आणि आपल्याकडे बघतो. हीच चिमूट उद्या पेन्सिल धरणार आहे. मोठ्या गटातही चार-पाच मुलं अशी निघतात ज्यांना चिमटीत दाणा धरून ठेवता येत नाही, निसटतो. त्यांची नावं वहीत टिपा. पालकांनी विचारलेल्या ‘वहीत काही का नाही’ या प्रश्नाचं खरं उत्तर या ताटलीत आहे, त्याकडे मी पुढे येते.

निवडताना मोजणी आपोआप होते. ‘दहा खडे शोधा’ असं मी म्हणत नाही. ‘तुझ्या ताटात किती निघाले? माझ्यात पाच. कुणाचे जास्त?’ एवढं बोलते. काही मुलं दाण्याला बोट न लावता तोंडानं भराभर पंचवीसपर्यंत म्हणतात. त्यांना आकड्यांचं गाणं येतं, मोजणं अजून यायचंय. एक दाणा, एक आकडा अशी सांगड बसवायला सुटे दाणे ताटलीतून वाटीत टाकत मोजायचे. प्रत्येक दाण्याचा टण् आवाज येतो, त्यामुळे स्टीलची वाटी घ्या.

निघायच्या आधी एक वाटी मटकी मोठ्या भांड्यात घालून मुलांकडून पाणी ओतवून घ्यायचं. हे भांडं मी घरी नेते. हे सांगायला हवं, कारण नवीन शिक्षिका इथं चुकतात: साडेअकराला भिजवलेली मटकी शाळेतच दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्यात राहिली तर पावसाळ्यात तिला वास यायला लागतो. मी रात्री नऊच्या सुमारास पाणी काढते, मटकी चाळणीत झाकून ठेवते आणि सकाळी घेऊन येते. मुलांना सांगते की रात्री तिला माझ्या घरी मुक्कामाला नेलं होतं. मंगळवारी सगळ्यांचा पहिला प्रश्न तिच्याबद्दल असतो.

मंगळवारी तीच वाटी घ्यायची, काल कोरडी भरलेली. भिजलेली मटकी त्यात भरायला सांगायचं. वाटी भरते, आणि भांड्यात मटकी उरतेच. दुसरी वाटी भरते, तरी थोडी राहते. तुम्ही काही बोलू नका. माझ्या एका वर्गात यावर मोठा वाद झाला होता. एक मुलगा ठामपणे म्हणाला, ताईंनी घरून आणखी मटकी घातली. दुसरीनं कोरडा दाणा आणि भिजलेला दाणा तळहातावर शेजारी ठेवून दाखवला आणि म्हणाली, ही जाडी झालीय. पहिल्याला ते पटलं नाही. मग आम्ही काचेच्या पेल्यात दहा कोरडे दाणे घातले, त्याच्याच हातानं पाणी ओतलं आणि पेला खिडकीत ठेवला. निघायच्या वेळेपर्यंत सालीला सुरकुत्या पडलेल्या त्यानं स्वतः बघितल्या. ‘आजीच्या हातासारखं’, म्हणाला. त्या दिवशी मी फक्त पाणी दिलं होतं, आणि तेवढंच पुरलं.

मंगळवारचं गटकाम म्हणजे पुरचुंड्या बांधणं. जुन्या सुती धोतराचे किंवा पंचाचे रुमालाएवढे तुकडे करा, ओले करून पिळायला लावा. पिळणं हा मनगटाचा उत्तम व्यायाम आहे आणि मुलांना तो खूप आवडतो. प्रत्येक गटाची एक पुरचुंडी. गाठ तुम्ही मारा, सुतळीचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे कुणाची कोणती ते कळतं. शिवाय दोन गंमती बाजूला ठेवा: एका कोरड्या कापडात कोरडी मटकी, आणि एका बरणीत पाण्यात बुडालेली मटकी. कशाला मोड येतील, ते प्रत्येकाला विचारा आणि फळ्यावर त्या त्या चित्राखाली प्रत्येक मुलाची एक रेघ काढा. मुलांचा हा पहिला आलेख. त्याला आलेख म्हणायची गरज नाही, पण कुठली रांग लांब आहे ते त्यांना दिसतं आणि बुधवारी ते स्वतः जाऊन तपासतात.

बुधवार हा या आठवड्याचा सण. दाराशी चपला काढायच्या आधी मुलं विचारतात, आले का? बैठकीतच पुरचुंड्या सोडायच्या, हळूहळू, एकेक. कापड उघडताना वर्ग इतका शांत झालेला मी इतर कशानंही पाहिलेला नाही. एका वर्षी एक मुलगी ओरडली, ताई, मटकीला शेपूट आली! तिच्या शेजारचा म्हणाला, शेपूट नाही, पाय आहे, आता ती चालणार. तिसऱ्याचं म्हणणं, ते नाक आहे, हत्तीचं. मी तिघांचीही वाक्यं फळ्यावर त्यांच्या नावांसह लिहिली, त्यांच्याच शब्दांत, काहीही न सुधारता. मग बोट फिरवत वाचून दाखवली. आपण बोललेलं फळ्यावर उमटतं आणि ताई ते पुन्हा जसंच्या तसं म्हणतात, हे मुलाला दिसणं म्हणजे वाचनाची सुरुवात. क, ख, ग त्यानंतर येतात, आणि मग भराभर येतात.

त्याच दिवशी चित्र. ‘मटकी काढा’ असं सांगितलंत की सगळे एकसारखा गोल काढतील. प्रत्येकाच्या पाटीशेजारी एक मोडाची मटकी ठेवा आणि ‘ही काढ’ म्हणा. बघून काढणं आणि आठवून काढणं यात फार अंतर आहे. मूल चार वेळा दाण्याकडे बघतं, वाकडेपणा पकडायचा प्रयत्न करतं. वळणदार रेघ इथं येते, आणि तीच पुढे अक्षरात येते. कोरड्या कापडातली मटकी तशीच निघते, बरणीतल्या पाण्याला फेस आणि वास. ते हुंगून मुलं तोंडं वेडीवाकडी करतात. का झालं असेल, एवढंच विचारा. ‘तिला श्वास घेता आला नाही’, असं एक मूल म्हणालं होतं, आणि ते बरोबरच होतं. बी रुजायला पाण्याइतकीच हवा लागते. बरणी त्याच दिवशी ओतून टाका.

बाहेरच्या खेळात बुधवारी मटकी होऊ द्या: सगळ्यांनी अंग आक्रसून दाणा व्हायचं, तुम्ही पाण्याचा हात फिरवला की फुगायचं, मग एक हात हळूच मोड म्हणून वर. पळापळी करणारी मुलं सुद्धा हे हळू करतात, कारण मोड हळू येतो हे त्यांनी बघितलेलं असतं. उरलेल्या वेळात तळ्यात-मळ्यात घ्या. ऐकून थांबायची सवय लावायला मला त्याहून चांगला खेळ सापडलेला नाही.

गुरुवारी दुकान. बाहुली कोपऱ्यात पाट, छोटा तराजू, मापं, कागदाच्या पुड्या, चिंचोक्यांचे पैसे. एका पुडीला दोन चिंचोके, यापलीकडे हिशेब नको. दुकानदार, गिऱ्हाईक, हमाल मुलं आपसात ठरवतात. भांडण होतंच, लगेच मध्ये पडू नका. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून जा आणि भाव करा. जमलं तर सगळ्यांना गावातल्या खऱ्या दुकानात घेऊन जा, दोरीला धरून रांगेत. त्यासाठी आदल्या दिवशी दुकानदाराशी बोलून ठेवावं लागतं. याच दिवशी करवंट्यांत माती भरून थोडी मोडाची मटकी पेरून घ्या, प्रत्येक गटाच्या दोन करवंट्या, बुडाला भोक पाडलेल्या.

शुक्रवारी उसळ. मोड आलेली मटकी मुलांना कच्ची देऊ नका. ओलसर उबेत जंतूही वाढतात, त्यामुळे नीट शिजवूनच. चुलीपासून मुलं लांब. कोथिंबीर तोडणं, लिंबू पिळणं, ताटल्या मांडणं, प्रत्येकाला एक चमचा वाढणं ही कामं त्यांची. कुणाला एखादं कडधान्य सोसत नाही का, हे आदल्या दिवशी पालकांना विचारून घ्या. मग अंगतपंगत. घरी पालेभाजी, उसळ न खाणारी मुलंही ही उसळ खातात, असा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. तिला त्यांनी पाच दिवस वाढवलेलं असतं.

शनिवारी नवीन काही नाही. आठवड्याची चित्रं जमिनीवर पसरायची आणि आधी काय झालं, मग काय झालं असं क्रमानं लावायचं. प्रत्येक मूल एका चित्राबद्दल एक वाक्य सांगतं. त्या वाक्यांची एक गोष्ट तयार होते. ती दोऱ्यानं शिवून पुस्तक करून वर्गात ठेवा. माझ्या वर्गात विकतच्या पुस्तकांपेक्षा हीच पुस्तकं जास्त फाटतात.

थोडक्यात तक्ता असा: सोमवार निवडणं, मंगळवार मोजणं आणि बांधणं, बुधवार उघडणं आणि काढणं, गुरुवार दुकान आणि पेरणी, शुक्रवार उसळ, शनिवार क्रम लावणं. मुख्याध्यापिकांच्या तक्त्यात मात्र आणखी एक रकाना काढा, ‘मी काय बघणार’ असा. सोमवारी त्यात लिहा: चिमूट कुणाची जमत नाही. मंगळवारी: जास्त-कमी कोण नुसत्या नजरेनं सांगतं. शनिवारी: क्रम कोणाला लागतो. हा रकाना भरलेला दिसला की उपक्रम कमी का, असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षांचा एकच पायाभूत स्तर धरलाय आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या त्या स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे, हे दाखवता येतं. धोरण हाताशी असलं की बोलताना बळ येतं.

हे काही नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे तेच काम कोसबाडला गेलं. महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांतूनच त्यांनी साधनं उभी केली. वस्तीवरची आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज आपण सहज अंगणवाडी म्हणतो, त्या शब्दामागे ते अंगण आहे. तुमच्याकडे साहित्य नाही असं वाटलं की हे आठवा. बिया सगळीकडे आहेत.

आता पालक. त्यांच्यावर चिडू नका. शेजारच्या इंग्रजी शाळेतलं मूल एबीसीडीची पानं भरतं आणि आपलं मूल ‘नुसती मटकी निवडतं’, हे बघून पोटात गोळा येणं साहजिक आहे. मी भाषण देत नाही. महिन्यातून एकदा पालकांना गटकामाच्या वेळी वर्गात बसवते. त्यांच्या मुलासमोर एक ताटली, त्यांच्यासमोर एक ताटली. निवडता निवडता त्यांना त्यांच्या मुलाची बोटं दाखवते: हा अंगठा बघा, अजून आत वळतोय, याला आत्ता पेन्सिल दिली तर हा मूठ आवळून धरेल, हात दुखेल, आणि लिहिण्याचा कंटाळा कायमचा बसेल. मग मुलाची सोमवारची आणि शनिवारची दोन चित्रं शेजारी ठेवते. बहुतेक आया तिथंच गप्प होतात. एखाद्या वडिलांना तरीही वहीच हवी असते. त्यांच्यासाठी मुलाचीच वाक्यं तारखेसह लिहिलेली एक वही मी करून देते. ती ते जपून ठेवतात.

पहिल्या आठवड्यात हे सगळं जमेल असं धरू नका. पुरचुंडीची गाठ सुटेल, पाणी सांडेल, दोन गट तुमच्यापर्यंत पोहोचायचे राहतील. उपक्रम गळला तर गळू द्या, पण दिवसाचा साचा मोडू नका. डबा आणि गोष्ट रोज ठरल्या वेळी झालीच पाहिजे. पळणारी मुलं साधारण तिसऱ्या आठवड्यात थांबतात. तोवर त्यांना बादली उचलणं, सतरंजी झटकणं, पाणी देणं अशी अंगमेहनतीची कामं द्या. सगळ्यात जास्त पळणाऱ्याला सुतळीची चावी द्या, म्हणजे पुरचुंड्यांची सुतळी ठेवायच्या डब्याची.

आणि एक. शनिवारी निघताना करवंट्यांना थोडं पाणी घाला आणि त्या खिडकीत, उजेडाला ठेवा, उंदीर पोहोचणार नाही अशा जागी. रविवारी शाळा बंद असते. सोमवारी माती दुभंगून कोंब वर आलेले असतील किंवा येत असतील, आणि मुलं दप्तर न काढता सरळ खिडकीकडे धावतील. त्यांना तिथंच जाऊ द्या. बैठक दहा मिनिटं उशिरा सुरू करा.